गॅलिएनस : एका बदनाम सम्राटाच्या पंधरा वर्षांचा फेरविचार

१/२६
रोममधील एस्क्विलिन टेकडीवर, सान व्हितोच्या चर्चला खेटून एक जुनी दगडी कमान उभी आहे. तिच्यावरील लॅटिन लेखाचा आशय असा : या सम्राटाचे शौर्य अजिंक्य आहे आणि त्या शौर्याहून वरचढ एकच गोष्ट आहे, ती म्हणजे त्याची ‘पिएटास’. देव, देश आणि मातापिता यांच्याविषयीच्या कर्तव्यनिष्ठेला रोमन लोक पिएटास म्हणत. या सम्राटाचे नाव गॅलिएनस. त्याचे वडील इराणी राजाच्या कैदेत खितपत मेले आणि त्यांच्या सुटकेसाठी त्याने एकही मोहीम काढली नाही. मग हा लेख म्हणजे निव्वळ खुशामत म्हणायची काय?

२/२६
पुढच्या शतकातील लॅटिन लेखकांचे उत्तर ‘होय’ असेच होते. त्यांच्या लेखी गॅलिएनस म्हणजे आळशी, विलासी, बापाला विसरलेला आणि साम्राज्य बुडत असताना मेजवान्या झोडणारा राजा. अठराव्या शतकात गिबनने हेच चित्र थोड्याफार फरकाने स्वीकारले आणि ते शालेय पुस्तकांपर्यंत पोहोचले. विसाव्या शतकात मात्र नाणी, शिलालेख आणि ग्रीक साधने एकत्र वाचली जाऊ लागली, तेव्हा या चित्राचे रंग उडू लागले. तो बुडवणारा होता की वाचवणारा, हा या थ्रेडचा विषय आहे.

३/२६
आधी काळ समजून घ्यावा लागेल. इ. स. २३५ मध्ये सेव्हेरस अलेक्झांडर आपल्याच सैनिकांच्या हातून मारला गेला. तेथपासून २८४ मध्ये डायोक्लेशियन सत्तेवर येईपर्यंतच्या पन्नास वर्षांत वीसहून अधिक सम्राट झाले आणि त्यांतील बहुतेकांना नैसर्गिक मरण लाभले नाही. २५१ मध्ये सम्राट डेसियस गॉथांशी लढताना आजच्या बल्गेरियातील अब्रिटस येथे पडला. परकीय शत्रूशी लढताना रणांगणावर मरण आलेला तो पहिला रोमन सम्राट. याच सुमारास एक भीषण साथ साम्राज्यभर पसरली. कार्थेजचा बिशप सिप्रियन याने तिचे वर्णन लिहून ठेवले, म्हणून ती त्याच्याच नावाने ओळखली जाते.

४/२६
२५३ मध्ये व्हॅलेरियन गादीवर आला. तो जुन्या सिनेटर घराण्यातला, वयोवृद्ध आणि प्रतिष्ठित होता. राइन, डॅन्यूब आणि युफ्रेटिस या तिन्ही सीमांवर एकाच वेळी आग लागली असताना एकटा सम्राट सर्वत्र पुरा पडणार नाही, हे त्याने ओळखले. म्हणून त्याने आपला मुलगा गॅलिएनस यास बरोबरीचा सम्राट केले. पूर्व बापाकडे आणि पश्चिम मुलाकडे, अशी वाटणी झाली. पुढे डायोक्लेशियनने हीच कल्पना नियमाच्या रूपात आणली आणि तिचे श्रेय बहुतांशी त्यालाच मिळाले.

५/२६
गॅलिएनसच्या पहिल्या सात वर्षांबद्दल त्याचे टीकाकारही फार बोलत नाहीत. युट्रोपियसने तर त्याच्या कारकिर्दीचे तीन टप्पे पाडले : आरंभ भाग्याचा, मध्य सोयीचा, शेवट विनाशाचा. या काळात तो राइनच्या काठी तळ देऊन होता. जर्मन टोळ्यांवरील विजयांची आणि गॉल प्रांत सावरल्याची नाणी त्याने पाडली. विजयाचे प्रत्येक नाणे खरे मानायचे नसते. तरीही सम्राट सीमेवर हजर होता एवढे त्यांवरून निश्चित होते.

६/२६
दबाव किती होता याचा पुरावा १९९२ मध्ये जर्मनीतील ऑग्सबर्ग येथे सापडला. ही विजयदेवतेची वेदी होती. तिच्यावरील लेखानुसार रोमन सैन्याने आणि स्थानिक लोकांनी युथुंगी टोळीला गाठून हरवले आणि हजारो इटालियन कैद्यांची सुटका केली. ही लढाई साधारणपणे इ. स. २६० मधली मानली जाते. यातला ‘इटालियन’ हा शब्द महत्त्वाचा आहे. टोळ्या आल्प्स ओलांडून इटलीत शिरल्या होत्या आणि तिथली माणसे गुरांसारखी हाकत घेऊन चालल्या होत्या.

७/२६
त्याच सुमारास अलेमानी टोळ्या मिलानपर्यंत येऊन थडकल्या. गॅलिएनसने तिथे त्यांचा पराभव केला. बाराव्या शतकातील बायझंटाइन इतिहासकार झोनारस सांगतो, की दहा हजार रोमनांनी तीन लाखांना हरवले. हा आकडा अर्थातच अतिशयोक्त आहे. आकडा बाजूला ठेवला तरी घटना उरते : इटलीच्या दारात शत्रू होता आणि सम्राटाने तो परतवला. नेमक्या याच घडीला पूर्वेकडून बातमी आली.

८/२६
२६० मध्ये एडेसाजवळ व्हॅलेरियन सासानी राजा शापूर पहिला याच्या हाती जिवंत सापडला. रोमच्या इतिहासात असे पूर्वी कधी घडले नव्हते. इराणमधील नक्श-ए-रुस्तमच्या कातळावर घोड्यावर बसलेला शापूर आणि त्याच्यापुढे नमलेले रोमन आजही दिसतात. तिथल्याच तीन भाषांतील शिलालेखात शापूर म्हणतो, की सत्तर हजारांच्या सैन्यासह आलेल्या व्हॅलेरियनला त्याने स्वतःच्या हातांनी पकडले. शापूर घोड्यावर चढताना व्हॅलेरियनच्या पाठीवर पाय ठेवत असे, ही कथा ख्रिस्ती लेखक लॅक्टान्शियसची. ख्रिस्ती लोकांना छळणाऱ्या सम्राटाचा शेवट असाच व्हावा, अशी त्याची धारणा होती.

९/२६
सम्राट कैद झाला म्हणजे सत्तेची किंमत उतरली. ठिकठिकाणच्या सैन्यांनी आपापले सम्राट उभे केले. पॅनोनियात इन्जेन्यूअस, त्याच्यापाठोपाठ रेगालियानस. पूर्वेत मॅक्रियानस आणि क्विएटस ही भावंडे. इजिप्तमध्ये एमिलियानस. पश्चिमेत पोस्टुमस. गॅलिएनसचा थोरला मुलगा २५८ मध्येच वारला होता. धाकटा सॅलोनायनस कोलोन शहरात होता. पोस्टुमसने शहराला वेढा घातला, मुलाला ताब्यात घेतले आणि ठार केले. एकाच वर्षात गॅलिएनसने बाप आणि मुलगा दोघेही गमावले.

१०/२६
दोनएक वर्षांनी धूळ खाली बसली तेव्हा नकाशावर तीन भाग दिसत होते. गॉल, ब्रिटन आणि स्पेन पोस्टुमसकडे. सीरिया आणि आसपासचा प्रदेश वाळवंटातील पाल्मायरा शहराचा अधिपती ओडेनाथस याच्या प्रभावाखाली. मधला भाग, म्हणजे इटली, उत्तर आफ्रिका, बाल्कन, ग्रीस, आशिया मायनर आणि परत मिळवलेला इजिप्त, गॅलिएनसच्या हाती. इन्जेन्यूअस, रेगालियानस, मॅक्रियानस बापलेक, क्विएटस, एमिलियानस हे सारे तोपर्यंत संपले होते. आळशी राजाच्या खात्यावर ही नोंद जरा विचित्र दिसते.

११/२६
आता पहिल्या आरोपाकडे येऊ. बापाला सोडवायला तो का गेला नाही? जाण्यासाठी त्याला डॅन्यूबचे सैन्य उचलून युफ्रेटिसपर्यंत न्यावे लागले असते. तो आल्प्सपासून दूर जाताच इटली उघडी पडली असती. मागे पोस्टुमस होता, वाटेत मॅक्रियानस. पूर्वेचे सैन्य बापाबरोबरच मोडले होते. शिवाय शापूर आपला सर्वांत मौल्यवान कैदी युद्धाच्या भीतीने सोडील, असे मानायला काहीच आधार नव्हता. मुलगा म्हणून त्याने काय सोसले, ते कोणत्याही साधनात नाही. सम्राट म्हणून त्याने केलेला हिशेब मात्र स्पष्ट वाचता येतो.

१२/२६
त्या हिशेबाचे पहिले फळ म्हणजे ओडेनाथस. पाल्मायराच्या या सरदाराने परतीच्या वाटेवरील इराणी सैन्यावर हल्ला केला, एमेसा येथे क्विएटसचा काटा काढला आणि पुढे थेट टेसिफोनपर्यंत धडक मारली. गॅलिएनसने त्याला प्रतिस्पर्धी मानण्याऐवजी पदव्या आणि पूर्वेची जबाबदारी दिली. ओडेनाथसने स्वतःस रोमचा सम्राट म्हणवून घेतले नाही. ज्या सीमेवर सम्राटाकडे सैन्य उरले नव्हते, ती सीमा दुसऱ्याच्या तलवारीने सात वर्षे राखली गेली. ओडेनाथसच्या खुनानंतर त्याची पत्नी झेनोबिया वेगळ्या वाटेने गेली खरी, पण तिच्या खऱ्या विस्ताराच्या आधीच गॅलिएनस संपला होता.

१३/२६
पोस्टुमसचे प्रकरण कठीण होते. तो मुलाचा मारेकरी होता. गॅलिएनसने २६५ च्या सुमारास त्याच्यावर स्वारी केली. पोस्टुमस एका शहरात कोंडला गेला, पण वेढ्यात गॅलिएनसला बाण लागला आणि मोहीम सोडावी लागली. त्यानंतर मोठा प्रयत्न झाला नाही. इथे त्याचे अपयश झाकण्यात अर्थ नाही. मात्र पोस्टुमसही रोमवर चालून गेला नाही. तो गॉलमध्ये राहून राइनची सीमा सांभाळत होता. दोन रोमन सैन्यांनी एकमेकांचे रक्त सांडले असते, तर त्याचा लाभ नदीपलीकडच्यांना झाला असता.

१४/२६
या अपुऱ्या साधनांतून गॅलिएनसने सैन्याची घडी बदलली. जुनी व्यवस्था अशी, की पायदळाच्या लीजन सीमेवर रांगेने ठेवायच्या. ती रांग एकदा फुटली की आत कोणी नाही. गॅलिएनसने घोडदळाच्या तुकड्या एकत्र करून मिलानला ठेवल्या. तिथून आल्प्सच्या खिंडी आणि बाल्कनकडे जाणारे रस्ते दोन्ही हाताशी होते. या दळाचा सेनापती ऑरिओलस. हे स्वतंत्र कायमस्वरूपी सैन्य होते की गरजेपुरती जुळवाजुळव, यावर विद्वानांत वाद आहे. पण इन्जेन्यूअसचा मुर्सा येथील पराभव आणि मॅक्रियानसचा बाल्कनमधील अंत, या दोन्ही ठिकाणी याच सेनापतीचे नाव येते.

१५/२६
दुसरा बदल अधिक खोल होता. लीजनचे सेनापती हे शतकानुशतके सिनेटर वर्गातून येत. राजकारणाच्या पायऱ्या चढताना तरुण सिनेटर काही काळ सैन्य सांभाळी आणि पुढच्या पदावर जाई. २६० नंतरच्या शिलालेखांत हे सिनेटर सेनापती दिसेनासे होतात. त्यांच्या जागी इक्वेस्ट्रियन वर्गातले, म्हणजे सिनेटर वर्गाच्या खालच्या पायरीवरचे अधिकारी येतात. त्यांतील अनेकजण साध्या शिपाईगिरीतून वर आलेले होते. युद्ध हा आता हौशी उमरावांचा नव्हे, तर मुरलेल्या सैनिकांचा व्यवसाय झाला.

१६/२६
याचे ठळक उदाहरण म्हणजे पेट्रोनियस टॉरस व्होल्युसियानस. इटलीतील अरेत्सो येथील शिलालेखात त्याची चढती पदे ओळीने कोरलेली आहेत : शंभर शिपायांवरचा सेंच्युरियन, सम्राटाचा ‘प्रोटेक्टर’, राजरक्षक दलातील अधिकारी, शेवटी त्या दलाचा प्रमुख. आणि इ. स. २६१ मध्ये खुद्द गॅलिएनसच्या जोडीने कॉन्सल. ज्या पदावर कुळाचे नाव पाहून माणसे बसत, तिथे सेंच्युरियन म्हणून राबलेला माणूस सम्राटाशेजारी बसला. सिनेटच्या बाकांवर त्या दिवशी काय वाटले असेल, याची कल्पना करणे अवघड नाही.

१७/२६
तिसरा निर्णय धर्माविषयीचा. व्हॅलेरियनने २५७ आणि २५८ मध्ये ख्रिस्ती धर्मगुरूंविरुद्ध कठोर हुकूम काढले होते. साथीचे वर्णन करणारा सिप्रियन २५८ मध्ये त्यांनाच बळी पडला. बाप कैद होताच गॅलिएनसने हा छळ थांबवला. अलेक्झांड्रियाचा बिशप डायोनिसियस आणि इतरांना त्याने पाठवलेला आदेश युसेबियसने जपून ठेवला आहे. प्रार्थनास्थळे परत द्यावीत आणि कोणी त्रास देऊ नये, असे त्यात म्हटले होते. तो स्वतः ख्रिस्ती नव्हता. घरात आणखी एक शत्रू नको, एवढी व्यवहारबुद्धी त्यामागे असावी. या निर्णयाने मिळालेली शांतता सुमारे चाळीस वर्षे, ३०३ पर्यंत टिकली.

१८/२६
त्याची ओढ ग्रीक विद्येकडे होती. अथेन्समध्ये त्याने आर्कनचे मानाचे पद स्वीकारले आणि एल्युसिसच्या गूढविधींची दीक्षा घेतली. तत्त्वज्ञ प्लोटिनस याला तो आणि सम्राज्ञी सॅलोनिना फार मानत. प्लोटिनसच्या मनात कंपानिया प्रदेशात प्लेटोच्या नियमांवर चालणारे एक नगर वसवायचे होते. सम्राट अनुकूल होता, पण दरबाऱ्यांनी ते होऊ दिले नाही, असे प्लोटिनसचा शिष्य पॉर्फिरी सांगतो. टीकाकारांना यात चैन दिसली. परंतु सतत घोड्यावर असलेल्या माणसाने तत्त्वज्ञाचे ऐकण्यासाठी वेळ काढणे, याला चैन म्हणणे कठीण आहे.

१९/२६
मग एवढी बदनामी कुठून आली? तिचा मोठा वाटा ‘हिस्टोरिया ऑगस्टा’ या लॅटिन चरित्रसंग्रहाचा. त्यात गॅलिएनस गुलाबांच्या शय्यागृहात झोपतो, सफरचंदांचे किल्ले रचतो, तीन तीन वर्षे द्राक्षे टिकवून ठेवतो. इजिप्त गेल्याची बातमी येते, तेव्हा तिथल्या तागाच्या कापडावाचून आपले काय अडणार, असे तो विचारतो. याच ग्रंथात त्याच्या काळातील ‘तीस जुलमी’ बंडखोरांची यादी आहे. संख्या भरण्यासाठी लेखकाने तिच्यात इतर काळातील माणसे, मुले आणि काही चक्क काल्पनिक नावेही घातली आहेत.

२०/२६
त्यातली सर्वांत झोंबणारी कथा २६२ च्या दशवार्षिक उत्सवाची. मिरवणुकीत इराणी कैद्यांची सोंगे होती. काही विदूषक त्या ‘इराण्यां’मध्ये घुसून एकेकाचा चेहरा निरखू लागले. कोणाला शोधता, असे विचारताच त्यांनी सांगितले, की सम्राटाच्या वडिलांना. गॅलिएनसने त्यांना जिवंत जाळले, असे ग्रंथ म्हणतो. प्रसंग घडला की रचला गेला, हे ठरवता येत नाही. पण लोकांच्या मनात कोणता सल होता, ते तो नेमके सांगतो. पराभवापेक्षा निरुत्तर राहिलेल्या अपमानाचा राग अधिक होता.

२१/२६
हा ग्रंथ लिहिला कोणी आणि कधी? ग्रंथ स्वतःस डायोक्लेशियन आणि कॉन्स्टंटाइन यांच्या काळातील सहा लेखकांचा म्हणवतो. १८८९ मध्ये हर्मन डेसाऊ यांनी दाखवून दिले, की तो एकाच हाताने, बऱ्याच नंतर, चौथ्या शतकाच्या उत्तरार्धात लिहिलेला असावा. म्हणजे घटनांपासून सव्वाशे वर्षांच्या अंतराने. मराठी वाचकाला बखर आणि समकालीन कागद यांतला फरक नव्याने सांगायला नको. इथे तर बखरकाराने आपले नाव, काळ आणि संख्या, तिन्ही गोष्टी खोट्या सांगितल्या आहेत.

२२/२६
हेतूही दडलेला नाही. गॅलिएनसच्या खुनानंतर क्लॉडियस दुसरा सम्राट झाला. चौथ्या शतकात कॉन्स्टंटाइनने आपण याच क्लॉडियसचे वंशज असल्याचा दावा केला. राजवंशाचा मूळपुरुष निष्कलंक हवा, तर त्याच्या आधीचा राजा मरणास पात्र ठरवणे ओघानेच आले. दुसरा राग सिनेटचा. ऑरेलियस व्हिक्टर स्पष्ट लिहितो, की गॅलिएनसने सिनेटर्सना सैन्यातून दूर केले. याउलट या वादात काही गुंतलेले नसलेल्या ग्रीक परंपरेत सूर वेगळा आहे. झोनारसच्या मते तो उदार होता आणि विरोधकांना क्षमा करणारा होता.

२३/२६
नाण्यांचाही असाच विपर्यास झाला. त्याच्या एका सोन्याच्या नाण्यावर धान्याच्या कणसांचा मुकुट घातलेले त्याचे मस्तक आहे आणि नाव स्त्रीलिंगी वाटेल असे, ‘गॅलिएने ऑगस्टे’. मागे अक्षरे आहेत : सर्वत्र शांती. हे शत्रूने काढलेले टवाळीचे नाणे असावे, असा एक तर्क होता. पण नाणे अधिकृत टांकसाळीचे आहे. कणसांचा मुकुट धान्यदेवतेचा आहे आणि एल्युसिसच्या दीक्षेशी त्याचा संबंध अनेक अभ्यासक जोडतात. ‘सर्वत्र शांती’ हे मात्र त्या वर्षांत कोणालाही खरे वाटले नसेल.

२४/२६
म्हणून दुसरी बाजूही तितक्याच स्पष्टपणे मांडायला हवी. २१५ मध्ये कॅराकॅलाने काढलेल्या रुपेरी नाण्यात सुमारे निम्मी चांदी होती. गॅलिएनसच्या अखेरीस ती अवघ्या काही टक्क्यांवर आली होती. तांब्यावर चांदीचा मुलामा देऊन सैन्याचे पगार भागवले गेले. वरच्या राइन आणि डॅन्यूब यांच्यामधला प्रदेश कायमचा गेला. समुद्रमार्गे आलेल्या हेरुली टोळ्यांनी २६७ च्या सुमारास अथेन्स लुटले. तिथे प्रतिकार उभा केला तो इतिहासकार डेक्सिप्पसने, सम्राटाच्या सैन्याने नव्हे. अलीकडे व्हिएन्नातील एका हस्तलिखितात खरवडून पुसलेली पाने वाचता आली. ती बहुधा डेक्सिप्पसच्याच ग्रंथातली आहेत. त्यांत थेसालोनिकीवरील हल्ला आणि थर्मोपिलीची खिंड अडवायला जमलेले ग्रीक भेटतात. केंद्राने ठेवलेली पोकळी स्थानिक माणसे भरत होती.

२५/२६
शेवट त्याच्याच निर्मितीने केला. २६८ मध्ये तो बाल्कनमध्ये हेरुलींशी लढत असताना मिलानच्या घोडदळाचा सेनापती ऑरिओलस फिरला. गॅलिएनसने परतून मिलानला वेढा घातला. तेव्हा राजरक्षक दलाचा प्रमुख हेराक्लियानस आणि इतर सेनाधिकाऱ्यांनी कट केला. झोसिमसच्या म्हणण्यानुसार, जेवत असताना ऑरिओलस चालून येत असल्याची खोटी वर्दी त्याला दिली गेली. तो रक्षकांची वाट न पाहता घोड्यावर बसून धावला आणि घोडदळातील एका अधिकाऱ्याने त्याला मारले. आळशी म्हणून गाजलेल्या राजाचा काटा काढायला, तो तत्काळ लढायला धावेल या खात्रीवर आखलेला डाव पुरला. सिनेटने त्याच्या आप्तांना आणि सहायकांना ठार केले. क्लॉडियसने ते थांबवून त्याला देवत्व बहाल करवले.

२६/२६
क्लॉडियस, ऑरेलियन, प्रोबस, डायोक्लेशियन हे सारे गॅलिएनसने मोकळ्या केलेल्या वाटेने वर आलेले सैनिक. २७४ पर्यंत ऑरेलियनने तिन्ही तुकडे पुन्हा जोडले, ते मुख्यतः गॅलिएनसने राखलेल्या मधल्या भागाच्या आणि त्याने घडवलेल्या सैन्याच्या बळावर. आंद्रेआस आल्फॉल्डी यांनी विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात आणि लुकास दे ब्लोआ यांनी १९७६ च्या ग्रंथात हे धागे पुढे आणले. यातून गॅलिएनस महापुरुष ठरत नाही. त्याने प्रांत गमावले, नाणे बुडवले, मुलाच्या मारेकऱ्याला शासन करता आले नाही. पण सर्व काही वाचवण्याच्या हट्टात सर्वस्व घालवण्याऐवजी, जे राखता येईल ते राखण्याचा निर्णय त्याने घेतला आणि त्याची किंमत प्रथम स्वतःच्या घरात मोजली.

एस्क्विलिनवरील त्या कमानीवर लेख कोरवणारा मार्कस ऑरेलियस व्हिक्टर हा इक्वेस्ट्रियन वर्गातला होता. इतिहासकार ऑरेलियस व्हिक्टरशी त्याचा संबंध नाही. ज्या वर्गाला गॅलिएनसने वर आणले, त्याने त्याची पिएटास दगडावर लिहिली. ज्या वर्गाची मक्तेदारी त्याने मोडली, त्याने त्याची निंदा ग्रंथात लिहिली. शतकानुशतके ग्रंथ वाचले गेले. दगडाकडे वळून पाहायला बराच काळ लागला.